साडूचा हौद आणि पहिलं ताट

“पाणी कुठं गेलं? अरे कुणी सांगल का मला, पाणी कुठं गेलं?”

साडू ओरडत होता. अंगात बनियन, कमरेला टॉवेल, तोंडात टूथपेस्टचा फेस. समोर त्याचा निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव. काल संध्याकाळपर्यंत त्यात पुरुषभर पाणी होतं आणि आता खोल कोपऱ्यात घोटाभर उरलं होतं. त्यात दोन बेडूक, सरकारी पाहणीला आल्यासारखे, इकडंतिकडं बघत बसले होते. माणूस एवढ्या जोरानं ओरडला की इकडं तीर्थपुरीच्या शिवारातून आवाज निघाला आणि तिकडं जांब समर्थला देवळाच्या कळसावरची कबुतरं उडाली. हे मला जांबच्याच एका माणसानं सांगितलं. तो माणूस मीच, पण म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही.

मी ओसरीत बसून बशीतून चहा पीत होतो. पाणी कुठं गेलं ते मला बराबर माहीत होतं. मी बशीवर फुंकर मारली आणि दुसरा घोट घेतला.

आता हे समजायचं तर आधी माझी इज्जत समजली पाहिजे. माझी सासुरवाडी पिंपळगाव रेणुकाईची. सासऱ्यांना दोन मुली. थोरली मला दिली. त्यानंतर सहा वर्षं त्या घरात मी एकटा जावई होतो. एकटा जावई म्हणजे काय ते ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. मी वेशीपाशी शिंकलो तर घरात कढई चुलीवर चढायची. मंग धाकटीचं लग्न झालं आणि हा आला. समोर मी त्याला अहो-जाहो करतो, साडूभाऊ म्हणतो. मनात काय म्हणतो ते लिहिण्यासारखं नाही.

तरी एक गोष्ट त्याला मिळाली नव्हती. दर तिसऱ्या वर्षी अधिक महिना येतो, आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात सासू-सासरे जावयांना बोलावतात, पाय धुतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि ताटात तेहतीस अनारसे मांडून, मधे दिवा लावून, ते ताट हातात देतात. पहिलं ताट थोरल्या जावयाचं. म्हणजे माझं. अनारसे तेहतीसच असायला पाहिजेत, पण माझ्या ताटात सासूबाई गुपचूप चौतिसावा ठेवायच्या. अंगठ्याएवढा, कडेला दडवलेला. त्या चौतिसाव्या अनारशाबद्दल आमच्या दोघांत आजवर एक शब्द झालेला नाही. लोकांना आमदारकी असते, मला तो अनारसा होता.

बाकी सगळं साडूचं. देवानं त्याला घडवलं त्या दिवशी देवाकडं पाहुणे आले असणार आणि देव खुशीत असणार. माझी मोटरसायकल अकरा किकमध्ये सुरू होते, त्याची नुसती किल्ली बघून सुरू होते. माझी म्हैस दुधाला वाकडी, त्याची म्हैस त्याला पाहून पान्हा सोडते. माझ्या डोक्यावरचे केस गेले ते सरळ त्याच्या डोक्यावर जाऊन बसले, एवढी दाट झुलपं. आणि मोसंबी. आम्हा दोघांची बाग एकाच वर्षी लावलेली, एकाच नर्सरीतली रोपं. माझ्या झाडाला लिंबं लागतात आणि त्याच्या झाडाला नारळ.

एवढ्यानं भागलं नाही म्हणून त्यानं तलाव बांधला. बागेच्या कडेला निळी फरशी, उतरायला चकचकीत शिडी, वर हिरव्या शेडनेटचा मांडव. रविवारी जालन्याहून माणसं पोरंबाळं घेऊन यायला लागली. सगळं गाव त्याला स्विमिंग पूल म्हणायचं. मी हौद म्हणायचो. गुरांना पाणी पाजतात तो हौद. पण पहिल्यांदा आम्ही बघायला गेल्तो तेव्हा माझी बायको काठावर बसली, पाय पाण्यात सोडले आणि हसली. लग्नाला अठरा वर्षं झाली, असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, गार वाटून राह्यलं. तिला गार वाटलं आणि मला त्या दिवसापासून पित्त सुरू झालं.

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. सासूबाईंचा फोन आला की पिंपळगावला घरात भट्टी पेटलीय, तर या वेळी धोंड्याचं जेवण धाकल्याकडं ठेवू, पोरांना पोहायला होईल. मी हो म्हणालो. न्हाई म्हणायला तोंड होतं कुठं?

मंग जेवणाच्या चार दिवस आधी देवानं थोडी चूक सुधारली. साडूचा फोन आला. आवाज पडलेला.

“भाऊ, पाणी हिरवंगार पडलंय. औषध टाकलं, काही उपयोग न्हाई. मशीनवाला म्हणतो आठ दिवसांनी येतो. तुम्हाला वाळूच्या टाकीतलं कळतं, तर एक दिवस आधी या.”

मी फोन ठेवला आणि घरात एक गिरकी घेतली. ठिबकवाला शेतकरी म्हणजे वाळूची टाकी आलीच. विहिरीचं पाणी त्या टाकीतून जातं, घाण वाळूत अडकते, स्वच्छ पाणी पुढं नळ्यांत. घाण साचली की पाणी उलटं सोडायचं, वाळू खालून उचलली जाते, घाण वेगळ्या पाइपानं बाहेर. पोहण्याच्या तलावाचंही यंत्र तेच, नुसतं पॉलिश जास्त. आणि या कामात माझा हात धरणारा घनसावंगी तालुक्यात नाही. मी टाकीला कान लावून सांगतो की आत घाण किती आणि कोणत्या गावची. एकदा तर कान लावून मी आत बेडूक आहे म्हणून सांगितलं, आणि तो आजारी आहे हेसुद्धा सांगितलं. झाकण उघडलं तर खरंच आजारी निघाला.

तर मी आणि बायको आदल्या दिवशी दुपारी पोचलो. पाणी असं हिरवं की म्हशीनं चारा समजून तोंड घातलं असतं. साडू काठावर हात बांधून उभा, चेहरा उतरलेला. माझ्या पोटात जो गारवा पडला तो त्याच्या सगळ्या तलावात नव्हता.

मशीनची खोली स्वयंपाकघराच्या मागं. आत पंप, आणि पंपाशेजारी ती टाकी. पोट सुटलेल्या सावकारासारखी, डोक्यावर हँडलची टोपी. हँडल फिरवलं की पाण्याचा रस्ता बदलतो. त्याच्यावर सगळं इंग्रजीत लिहिलेलं, म्हणून साडूनं पांढऱ्या पट्ट्या चिकटवून मराठीत लिहून ठेवलं होतं. एका खाचेवर ‘रोज इथं’. दुसऱ्या खाचेवर ‘धुताना’. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत, ‘धुऊन झाल्यावर हँडल परत रोज इथं’. एवढं सोपं की आमच्या म्हशीनंही धुतलं असतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं मला अक्षर लागलं नाही असं म्हणायची सोय राहत नाही.

कामात मी कुचराई केली नाही. ईर्षा वेगळी आणि काम वेगळं. आधी पंपाची जाळी काढली. जाळी म्हणजे टोपली, त्यात मोठी घाण अडकते. त्यातून मोसंबीची पानं निघाली, केसांचा एवढा गुंता निघाला की एका माणसाचा टोप झाला असता, एक पायमोजा निघाला आणि कुणाची तरी चांदीची जोडवी निघाली. टाकीवरच्या दाबाच्या काट्याकडं पाहिलं तर काटा लाल पट्ट्यात जाऊन टेकलेला. म्हणजे वाळू गच्च. साडूनं औषधं टाकली, तुरटी टाकली, सगळे उपाय केले, पण टाकी धुतली नव्हती. मी त्याला तसं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, तुम्ही नसते तर मी मेलो असतो.” मनापासून म्हणाला. त्याचा हाच त्रास आहे, तो सगळं मनापासून म्हणतो. मी त्याला बाहेर पाठवलं. कारागिराला काम करताना कुणी बघू नये.

तलावाच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडला, म्हणजे तळाची घाण आधी खेचली जाईल. हँडल ‘धुताना’वर आणलं, पंप सुरू केला. टाकीच्या बाजूला पेल्याएवढी काच असते, त्यातून जाणारं पाणी दिसतं. आधी आलं ते हिरवं, मंग काळं, मंग गढूळ. सगळं जाड पाइपातून मागं बागेजवळच्या खड्ड्यात पडत होतं. मी काचेला डोळा लावून उभा होतो आणि खरं सांगतो, मला त्या घडीला साडूचाही राग येत नव्हता. घाण जाताना बघणं ही मोठी शांतीची गोष्ट आहे.

आणि तेव्हाच खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला. सासू-सासरे नुकतेच पिंपळगावहून पोचले होते. सासूबाई स्वयंपाकघरात माझ्या बायकोला सांगत होत्या.

“यंदा पहिलं ताट धाकल्याला देऊ. त्याच्या दारात बसायचं आन त्यालाच दुसरं ताट, बरं दिसत न्हाई.”

मी श्वास धरला. आता माझी बायको बोलेल. अठरा वर्षांचा संसार बोलेल.

“द्या की,” ती म्हणाली.

बस्स. द्या की. भाजी वाढताना म्हणतात तसं. मी काचेतून डोळा काढला. आणि तेवढ्यात लाईट गेली. पंप थांबला, खोली गप्प झाली.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्याकडं शेताला थ्री फेज लाईट दिवसा कमी आणि रात्री जास्त. मोटर चालू करायला अंथरुणातून कोण उठणार, म्हणून प्रत्येक मोटरीला ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की मोटर आपली आपण सुरू. साडूच्या पंपालाही ऑटो होता, आणि तो चालू होता. हँडल ‘धुताना’वर होतं. तळाचा व्हॉल्व्ह उघडा होता. लाईट आली की हौदातलं पाणी तळापासून उचलून त्या मागच्या खड्ड्यात, सकाळपर्यंत. मला हे सगळं त्या एका क्षणात दिसलं, एवढा मी या कामातला जाणकार.

मी हँडलकडं पाहिलं. हँडलनं माझ्याकडं पाहिलं. बाहेरून साडूनं हाक दिली, भाऊ, आई-बाबा आले, चहा ठेवलाय. मी हात पुसले आणि चहाला गेलो. त्यानं विचारलं तर सांगितलं, बिलकुल फिकीर करू नका, उद्या पाणी आरशासारखं दिसल.

आता परत त्या सकाळी या. साडू ओरडत होता, मी चहा पीत होतो. सासरे, सासूबाई, दोघी बहिणी सगळे काठावर गोळा झाले. खड्डा भरून पाणी बागेत गेलं होतं. झाडांच्या बुडाशी पोटरीभर चिखल, बगळे उतरलेले. हे पाहून साडू मटकन खाली बसला, कारण त्याचं दुःख हौदाचं नव्हतं. मोसंबीला पावसाळ्याचा बहर धरायचा तर उन्हाळ्यात महिना-दीड महिना झाडाचं पाणी तोडतात. झाड तहानतं, पानं गाळतं, आणि मंग योग्य वेळी पाणी दिलं की फुलांनी भरतं. याला ताण देणं म्हणतात. साडूची बाग ताणावर होती. जो ताण मृगाचा पाऊस आल्यावर तुटायचा, तो पावसाच्या कितीतरी दिवस आधी, रातोरात हौदभर पाण्यानं तुटला होता. गेला बहर, असं सासरे म्हणाले. आणि मी चहाची बशी खाली ठेवली. मी नुसता हौद रिकामा केला होता. बाग माझ्या हिशेबात नव्हती.

साडू उठून मशीनच्या खोलीत गेला. बराच वेळ आत होता. मी चपला शोधून ठेवल्या, वेळ आली तर निघायला. तो बाहेर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “ऑटो बंद करायचा मीच विसरलो.” माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, याला हँडल दिसलंच नाही. एवढा दाट केसांचा माणूस, अक्कल कुठून येणार?

हौद परत भरायला विहिरीत पाणी नव्हतं. मला वाटलं, आता जेवण पिंपळगावला, त्यांच्या घरात, त्यांच्या पाटावर, पहिलं ताट मला. पण आमचे सासरे. आयुष्यभर पाण्याला भ्यायलेला माणूस, त्यांनी काल हौदाकडं पाठ करून चहा घेतला होता. ते शिडी धरून रिकाम्या हौदात उतरले. फरशीवर हात फिरवला. वर शेडनेटची सावली, खाली ओली गार फरशी, बाहेर ऊन असं की उभा माणूस पापड व्हावा.

“पंगत इथंच बसू द्या,” ते खालून म्हणाले.

झालं. कोपऱ्यातलं घोटाभर पाणी उपसलं, बेडूक बागेत सोडले आणि पाट हौदात उतरले. घमेल्यातून वरण उतरलं, दोरीला बांधून पुरणाचं पातेलं उतरलं. असं धोंड्याचं जेवण मराठवाड्यात आधी झालं नसेल आणि पुढं होणार नाही. फक्त एक अडचण होती, हौदाचा तळ उतरता असतो. मानाचा पाट टोकाला मांडतात आणि ते टोक आलं खोल बाजूला. वरण प्रत्येकाच्या ताटात एकाच दिशेला पळत होतं.

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन साडूपुढं आल्या, आधी त्याचे पाय धुवायला. आणि साडू मागं सरला.

“आई, आधी भाऊ. ते मोठे हायेत. काल सगळी दुपार माझ्या टाकीत घातली त्यांनी.”

त्यानं माझा हात धरला आणि मला त्या पहिल्या पाटावर नेऊन बसवलं. ज्याचा हौद गेला, बहर गेला, त्यानं मला पहिलं ताट दिलं. मी खोल कोपऱ्यात बसलो होतो आणि तो वर उथळ बाजूला, माझ्यापेक्षा हातभर उंच. बायको त्याच्याकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते माझ्याकडं बघताना कधी नसतं. मी दिव्याच्या उजेडात ताटातले अनारसे मोजले. दोनदा मोजले. तेहतीस. मंग मान वर करून त्याच्या ताटातले मोजले. कडेला, अंगठ्याएवढा, दडवलेला. चौतिसावा तिकडं होता.

मी जेवलो किती ते विचारू नका. एकवीस धोंडे गेले असतील, पण चव एकाचीही लागली नाही.

पुढं मृग कोरडा गेला. पाऊस लांबला, नुसता लांबला नाही, आमचा पत्ताच विसरला. सगळ्यांच्या बागा ताणावर, विहिरी तळाला, झाडं वाळून काटक्या झाली. माझीही. आणि आख्ख्या शिवारात एक बाग फुलली. साडूची. एक हौद पाणी प्यालेली. फुलांचा वास असा की मधमाश्या भोकरदनहून एसटीनं यायला लागल्या. लोकं बघायला येऊ लागले, फोटो काढू लागले, म्हणू लागले की माणूस हुशार, पाऊस लांबणार हे याला कसं कळलं, बराबर वेळेला ताण तोडला. माझ्या घरात, माझ्या ओसरीत बसून माझ्याच शेजाऱ्यानं मला हे सांगितलं. बायको म्हणाली, “त्यांना कळतं शेतीतलं.”

हौदाबद्दल मी गप्प राहिलो होतो. ताटाबद्दल गप्प राहिलो. पण माझ्या पापाचं पुण्य त्यानं खावं, हे मला सोसलं नाही. मी अकरा किक मारल्या आणि तीर्थपुरीला गेलो.

तो मशीनच्या खोलीत पंपाची जाळी साफ करत बसला होता. विकतच्या टँकरनं हौदात पुन्हा थोडंथोडं पाणी चढत होतं. बाहेरून फुलांचा वास येत होता, एवढा की मी नाकाला रुमाल लावला. मी दारातच उभा राहून सुरुवात केली. म्हणालो, साडूभाऊ, ही जी तुमची वाहवा चाललीय ना, ती तुमची न्हाई, माझी हाये. ऑटो तुम्ही विसरला नव्हता. हँडल मी जाणूनबुजून ‘धुताना’वर ठेवलं, तळाचा व्हॉल्व्ह मी उघडा ठेवला, लाईट येणार हे मला माहीत होतं, आणि सासूबाई पहिलं ताट तुम्हाला देणार हे मी या खिडकीतून ऐकलं होतं. तुमचा हौद मी रिकामा केला आणि तुमची बाग मी फुलवली. असं सगळं एका दमात बोललो. आवाज चढला होता. आता हा उठेल, गळ्याला हात घालेल, निदान शिवी देईल, अशा तयारीनं मी दाराची चौकट धरली.

त्यानं जाळी उपडी करून जमिनीवर आपटली, चिकटलेलं शेवटचं पान बोटानं काढलं आणि जाळी पंपात बसवली.

“माहीत हाये,” तो म्हणाला. “रविवारी वाळू बदलायचीय, सकाळी लौकर या.”